पारशी घरातलं रझा, साडेतीन लाखांत

पत्र

आम्ही नाशिकला असतो. ह्यांच्या निवृत्तीचे पैसे आले, त्यातले चार लाख दिवाणखान्यातल्या एका चांगल्या चित्रासाठी बाजूला काढलेत. ह्यांच्या मित्राच्या ओळखीचे एक गृहस्थ मुंबईत चित्रांचे व्यवहार करतात. त्यांच्याकडे एस. एच. रझा या मोठ्या चित्रकाराचं कागदावरचं बिंदूचं, म्हणजे मोठ्या गोल ठिपक्याचं, चित्र आहे, १९८४ सालचं. दादरच्या एका पारशी कुटुंबाने घर रिकामं करताना काढलं म्हणे. साडेतीन लाख सांगतात, सर्टिफिकेटसकट. २५ हजारांचं टोकन दिलंय. आठ दिवसांत बाकीचे दिले नाहीत तर दुबईचं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतात. चित्राचे आणि सर्टिफिकेटचे फोटो सोबत पाठवतेय. घ्यावं का? आणि हे नको, तर घ्यायचं कुठून? पुढेमागे मुलाकडे न्यू जर्सीला न्यायचं झालं तर नेता येतं का?

उत्तर

ताई, नमस्कार.

घेऊ नका. बाकीचे सव्वातीन लाख देऊ नका आणि टोकन परत मागा. कसं मागायचं ते शेवटी सांगते.

फोटो बघून हे चित्र खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मोबाइलवरच्या फोटोवरून खरं-खोटं सांगणारा कोणी भेटला तर त्याच्यापासूनही चार हात लांब राहा. पण चित्र खरं असेल तर ज्या गोष्टी आपोआप जुळून यायला हव्यात, त्यातली एकही इथे जुळत नाहीये.

आधी भाव. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईतल्या लिलावात रझांचं ‘जेस्टेशन’ हे १९८९ सालचं मोठं चित्र ५१ कोटी ७५ लाखांना गेलं. कागदावरच्या छोट्या कामाची त्याच्याशी बरोबरी नाही, हे उघड आहे. तरी ऐंशीच्या दशकातला बिंदू, सही आणि सालासकट, साडेतीन लाखांत मिळण्याचे दिवस केव्हाच सरले. असं चित्र ज्याच्या घरात निघतं तो मुंबईतल्या एखाद्या लिलावसंस्थेला फोन करतो. त्यांचा माणूस येऊन बघतो, अंदाज देतो, चित्र कॅटलॉगमध्ये लागतं. हे सगळं सोडून मालक मध्यस्थामार्फत, मध्यस्थ तुमच्या मिस्टरांच्या मित्रामार्फत, असा माग काढत नाशिकपर्यंत का येतोय? ‘घर रिकामं करायची घाई आहे’ असं उत्तर मिळेल. घाईत असलेल्या माणसालाही पैसे मोजता येतात, आणि पारशी कुटुंबाला तर नक्कीच.

मग ही पारशी घराची गोष्ट. जुन्या मुंबईत चित्रं विकत घेणाऱ्यांत पारशी खरोखरच पुढे होते, म्हणून ही गोष्ट चटकन पटते. सांगणाऱ्यालाही ते माहीत असतं. पण रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले ते २०१० च्या अखेरीस कायमचे परतले. १९८४ मध्ये ते फ्रान्समध्ये राहत होते. मग हे चित्र दादरच्या घरात आलं कसं? मुंबईतल्या गॅलरीतून घेतलं असेल तर बिल किंवा प्रदर्शनाचं कार्ड असेल. पॅरिसहून आणलं असेल तर कोणी, कधी? रझांनी भेट दिलं असेल तर पत्र, अर्पणाच्या दोन ओळी, एखादा फोटो? चाळीस वर्षांत बिल हरवू शकतं, मान्य. पण कुटुंबातल्या कोणाला तरी गोष्ट ठाऊक असते. तुम्ही एवढंच विचारून बघा: त्या कुटुंबाशी माझं पाच मिनिटं बोलणं करून द्याल का? ‘त्यांना नाव उघड करायचं नाहीये’ हे उत्तर आलं, तर तुमच्या हातात गोष्ट आहे, मालकी नाही. कुटुंबाला प्रसिद्धी नको असते हे खरं, पण भला विक्रेता निदान लेखी हमी देतो की मालक कोण हे त्याला ठाऊक आहे आणि विकण्याचा हक्क त्या मालकाला आहे.

जमीन घेताना तुम्ही सातबारा काढता, फेरफार बघता, कोणाकडून कोणाकडे गेली ते तपासता. चित्राचंही तसंच: चित्रकाराच्या हातातून निघाल्यापासून ते आज कोणाकोणाकडे होतं याची साखळी. बाजारात त्याला प्रोव्हेनन्स म्हणतात. फरक इतकाच की इथे तलाठी नाही, नोंदवही नाही, आपल्याकडे सर्व चित्रांचं खरं-खोटं ठरवणारं सरकारी कार्यालयही नाही. काही चित्रकारांच्या सगळ्या कामांची अभ्यासकांनी केलेली सूची असते. रझांच्या कामाची अशी सूची खंडांत निघू लागली आहे. बहुतेक भारतीय चित्रकारांच्या नशिबी तेही नाही.

आता फोटोंकडे येऊ. चित्र पुढून तीनदा काढलंय, मागून एकदाच, आणि मागे दिसतोय नवाकोरा प्लायवूड आणि त्याच्या कडेने तपकिरी पट्टी. कागदाची पाठ एकाही फोटोत नाही. रझांच्या चित्रांची पाठ ही बघण्याची गोष्ट असते. ते बऱ्याचदा मागे नाव, साल, शीर्षक, माध्यम आणि सेंटिमीटरमध्ये माप लिहीत, शीर्षक कित्येकदा देवनागरीत. कागदावरच्या प्रत्येक कामावर हे सगळं असेलच असं नाही, पण बघितल्याशिवाय कसं कळणार? ‘फ्रेम उघडली तर चित्राला धोका’ असं तुम्हाला सांगितलं असणार, बहुतेकांना सांगतात. जुनी चित्रं नीट करण्याच्या कामात मी इतकी वर्षं आहे म्हणून सांगते: चांगला फ्रेमवाला पाठीमागची पट्टी ब्लेडने कापून, खिळे उचकटून, दहा मिनिटांत कागद बाहेर काढतो आणि परत बसवतो. कागदाची कड, पाठीवरचे डाग, जुन्या गोंदाचा माग, आधीच्या फ्रेमच्या दुकानाचं लेबल यातून जे कळतं ते काचेवरून कधीच कळत नाही. जो विक्रेता पाठ दाखवत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. यात मी कोणालाही सूट देत नाही.

आणि ते सर्टिफिकेट. लॅमिनेट केलेलं, कोपऱ्यात चकचकीत होलोग्राम, ‘एस. एच. रझा यांचे ओरिजिनल पेंटिंग’ असं ठळक. माप नाही, माध्यम नाही, चित्राचा फोटो नाही, आधी कोणाकडे होतं ते नाही. सही ज्यांची आहे ते ‘आर्ट कन्सल्टंट’ आहेत, म्हणजे बहुधा विकणाराच किंवा त्याचा मित्र. सर्टिफिकेटची किंमत सही करणाऱ्याच्या अभ्यासाइतकी आणि त्याच्या खिशाइतकी असते: उद्या चित्र खोटं ठरलं तर हा माणूस पैसे परत करेल का, करू शकेल का? चित्राची नक्कल करायला हात लागतो. सर्टिफिकेटला प्रिंटर पुरतो.

कागदपत्रं कोणत्या थराला जाऊन बनवतात याचा जर्मनीतला एक किस्सा सांगते, कारण तो मला चित्राच्या नकलेपेक्षाही थक्क करतो. वोल्फगांग बेल्ट्राकी नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चित्रकारांच्या शैलीत नवी चित्रं रंगवली. जुनी चित्रं उतरवून काढण्याऐवजी त्याने ‘हरवलेली’ चित्रं निर्माण केली. पाठीमागे त्याने आल्फ्रेड फ्लेख्टहाइम या खऱ्या, नाझींमुळे देशोधडीला लागलेल्या ज्यू विक्रेत्याच्या संग्रहाची खोटी लेबलं चिकटवली. बायकोने स्वतःच्या आजीसारखा वेश केला, मागे भिंतीवर तीच खोटी चित्रं टांगली आणि जुन्या कागदावर काळापांढरा फोटो छापला, की बघा, आजीकडे ही चित्रं होती. त्यातलं १९१४ चं म्हणून सांगितलेलं, कांपेंडोंक या चित्रकाराच्या नावावरचं एक चित्र २००६ मध्ये २८ लाख ८० हजार युरोंना विकलं गेलं. पुढे तपासणीत त्यात टायटॅनियम व्हाइट सापडला. तो पांढरा रंग १९१४ मध्ये चित्रकारांच्या हाती आलेलाच नव्हता. २०११ मध्ये बेल्ट्राकीला सहा वर्षांची शिक्षा झाली. तज्ज्ञ, लिलाववाले, संग्राहक, सगळे फसले ते त्या लेबलांमुळे आणि आजीच्या फोटोमुळे. म्हणून कागद मिळाला की तो फाइलला लावून मोकळं व्हायचं नाही. कागदावर ज्याचं नाव आहे त्याला फोन करायचा. अमुक गॅलरीचं बिल आहे म्हणतात? त्या गॅलरीला बिलाचा फोटो पाठवून विचारायचं. अमुक कॅटलॉगमध्ये छापलंय म्हणतात? कॅटलॉग मिळवून माप जुळवायचं. लिलावसंस्थांच्या संकेतस्थळांवर जुने निकाल फोटोसकट फुकट बघायला मिळतात. तिथे हेच चित्र आधीच दुसऱ्या कोणाला विकलेलं दिसलं, तर तुमच्या समोर आहे ती नक्कल. होतं असं.

‘नामांकित गॅलरीतून घ्या’ असं मी लगेच सांगून मोकळी झाले असते, पण तेवढंही पुरत नाही. न्यू यॉर्कची नोडलर ही १८४६ पासूनची गॅलरी. एका बाईने रॉथको, पोलॉक अशा बड्या चित्रकारांची कधी कोणी न पाहिलेली चित्रं त्यांना आणून दिली. मालक कोण, तर नाव गुप्त ठेवू इच्छिणारा एक श्रीमंत माणूस. (ओळखीचं वाटतंय ना?) चित्रं प्रत्यक्षात न्यू यॉर्कच्याच क्वीन्स भागात राहणारा एक चिनी चित्रकार रंगवत होता. एका ‘पोलॉक’वर तर सहीचं स्पेलिंगच चुकलं होतं. सुमारे ८ कोटी डॉलरचा माल गेला, आणि २०११ मध्ये गॅलरीला कुलूप लागलं. आपल्याकडचं उदाहरण तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचं आहे. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एका जुन्या गॅलरीने रझांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि उद्घाटनाला खुद्द रझांना बोलावलं. ते आले, भिंतीवरून नजर फिरवली, आणि बहुतेक चित्रं माझी नाहीत म्हणाले. तेव्हा सांगायला ते हयात होते. २०१६ मध्ये ते गेले. २०२३ मध्ये मुंबईतल्या एका गुंतवणूक क्षेत्रातल्या माणसाने बड्या नावांच्या बनावट चित्रांत सुमारे १८ कोटी घालवल्याची पोलिसांत तक्रार केली. तो पैशांच्या व्यवहारात काही नवखा नव्हता.

मग करायचं काय? तुमच्या चार लाखांत मोठं नाव शोधू नका. चार लाखांत मोठं नाव मिळतं ते बहुतेकदा नावच असतं. हयात चित्रकाराचं काम घ्या, त्याच्या हातून किंवा त्याचं काम नेहमी मांडणाऱ्या गॅलरीकडून. तिथे बनावटगिरीचा प्रश्नच जवळजवळ मिटतो, कारण चित्रकार समोर उभा असतो. आणि खरं सांगू, चार लाखांत तुम्हाला असं चित्र मिळेल की येणारा-जाणारा त्याच्यासमोर थांबेल. रझांचा बिंदू बघून लोक फक्त किंमत विचारतील.

मुंबईला जायचं तर काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासूनची, पण एक लक्षात ठेवा: ती चित्रं विकणारी पेढी नाही. चित्रकार अर्ज करतात, वर्षानुवर्षं थांबतात, आठवड्याभरासाठी दालन मिळतं आणि ते स्वतः तिथे बसतात. म्हणजे जहांगीरमध्ये लागलं म्हणून जहांगीर हमी घेत नाही. हमी त्या चित्रकाराची. तरी सुरुवातीला याहून चांगली जागा नाही. दुपारच्या निवांत वेळी जा, चित्रकाराशी बोला, लाजू नका, किंमत विचारा, ‘तुमची अजून कामं कुठे बघायला मिळतील’ हेही विचारा. बाहेर फुटपाथवरही चित्रकार बसतात; त्यांच्यातही चांगला हात सापडतो, मात्र तिथे ‘हुसेन’ आणि ‘रझा’ विचारायचे नाहीत. जे.जे. या कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन बघा, १८८८ पासूनच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं बघा. तिथे तिशीच्या आतली मुलं पन्नास-साठ हजारांत जे देतात त्याने मी दर वर्षी चकित होते. पुण्यात बालगंधर्व कलादालन आहे. नोव्हेंबरमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ भरतं, २०२३ पासून. तिथे देशभरातल्या गॅलऱ्या एका छताखाली दिसतात. घ्यायचं नसलं तरी डोळा तयार व्हायला जा.

गॅलरी भली की नाही हे मी कशावरून ओळखते? ती आपल्या चित्रकारांची प्रदर्शनं वर्षानुवर्षं करते, कॅटलॉग काढते, मागितलं की किंमतयादी देते, आणि ‘घरी जाऊन विचार करा’ म्हणते. हे शेवटचं फार महत्त्वाचं. आठ दिवसांची मुदत आणि दुबईचं गिऱ्हाईक हे चांगल्या गॅलरीच्या तोंडी येत नाही. दिवंगत चित्रकाराचं काम विकत असेल तर चित्र आधी कोणाकडे होतं हे विचारण्याआधीच सांगते, आणि खोटं निघालं तर परत घेऊ असं लिहून देते. ‘परत घेऊ’ हे तोंडी चालत नाही.

बिलाबद्दल थोडं कडक बोलते. चित्रकाराचं पूर्ण नाव, शीर्षक, साल, माध्यम, माप, सही कुठे आहे, हे सगळं बिलावरच हवं, जीएसटी नंबरसकट, शक्य तर चित्राच्या छोट्या फोटोसकट. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार वर्णन सांगून विकलेला माल त्या वर्णनाप्रमाणे असावाच लागतो, म्हणून वर्णन जितकं नेमकं तितकी तुमची बाजू भक्कम. ‘अमुक यांच्या शैलीतील’ किंवा ‘अमुक यांचे असावे’ असे शब्द दिसले तर विक्रेता हमीतून सुटला असं समजा. पैसे बँकेतून. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्यानेच मनाई आहे, आणि ‘निम्मे रोख द्या, कर वाचेल’ म्हणणारा उद्या तुम्हाला ओळखही दाखवणार नाही. पुढे विकायचं झालं तर चित्र हे घरगुती सामानात धरत नाहीत, नफ्यावर कर लागतो. त्यासाठीही हे बिल लागणार आहे.

नाव हवंच असेल, म्हणजे तुमच्या मिस्टरांचा जीव रझांवरच असेल, तर एक सरळ मार्ग आहे: सेरिग्राफ. चित्रकाराच्या संमतीने काढलेली मर्यादित प्रतींची छापचित्रं, खाली पेन्सिलीने सही आणि ४५/१५० असा आकडा, म्हणजे दीडशेतली पंचेचाळिसावी प्रत. रझा आणि हुसेन दोघांची आहेत, भली गॅलरी ती सेरिग्राफ म्हणूनच विकते, आणि तुमच्या पैशांत बसतात. फसवणूक होते ती इथे दोन तऱ्हांनी: सेरिग्राफ ‘ओरिजिनल पेंटिंग’ म्हणून खपवतात, किंवा साधी डिजिटल प्रिंट सेरिग्राफ म्हणून. सराफ वापरतात ते दहापट भिंग दोन-चारशे रुपयांना मिळतं, ते घ्या. सेरिग्राफमध्ये प्रत्येक रंग सलग, एकावर एक बसलेला दिसतो, कडेला रंगाची किंचित जाडी जाणवते. डिजिटल प्रिंटमध्ये तोच लाल रंग भिंगाखाली फुटतो आणि निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांचा फवारा दिसतो. कॅनव्हासवर प्रिंट काढून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारायचीही चाल आहे. तिरप्या उजेडात बघा: फटकारा एकीकडे आणि चित्रातली रेघ भलतीकडे जात असते.

यूव्ही म्हणजे अतिनील किरणांच्या टॉर्चचं खूळ सध्या फार आहे म्हणून सांगून ठेवते. १९५० च्या आसपासपासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात रसायनं घालू लागले, ती यूव्हीखाली निळसर चमकतात. म्हणजे १९३० चं जलरंग म्हणून विकताहेत आणि कागद चमकला, तर उठून चालू लागा. पण तुमच्या १९८४ च्या चित्राला ही परीक्षा लागू नाही. कागद चमकला काय, न चमकला काय.

न्यू जर्सीचं: हयात किंवा अलीकडच्या चित्रकाराचं काम नेण्यात अडचण नाही, बिल सोबत ठेवा. १९७२ च्या कायद्याखाली नऊ चित्रकारांची कामं देशाबाहेर विकता-पाठवता येत नाहीत. राजा रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, तिघे टागोर (रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ), नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. शंभर वर्षांवरच्या चित्रांनाही बंदी आहे. रझा या यादीत नाहीत.

आता टोकन. भांडायला जाऊ नका, ‘तुमचं चित्र खोटं आहे’ असं तर अजिबात लिहू नका. तसं लिहिलंत की विषय चित्रावरून तुमच्यावर येतो, आणि मिस्टरांच्या मित्रालाही बाजू घ्यावी लागते. मित्र बिचारा बहुधा भाबडेपणाने मध्ये पडलाय. गृहस्थांना व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर नव्हे, एवढंच पाठवा:

‘नमस्कार. चित्राबाबत निर्णय घेण्याआधी आम्हाला चार गोष्टी हव्यात: फ्रेममधून काढलेल्या कागदाच्या पाठीचा फोटो, मूळ मालकाशी बोलणं किंवा त्यांच्या मालकीची आपली लेखी हमी, चित्रकार-साल-माध्यम-माप लिहिलेलं जीएसटी बिल, आणि चित्र अस्सल नसल्याचं निष्पन्न झाल्यास पूर्ण रक्कम परत करण्याची लेखी हमी. शुक्रवारपर्यंत हे शक्य नसल्यास व्यवहार रद्द समजून टोकनचे २५,००० रुपये त्याच खात्यावर परत करावेत.’

चारही गोष्टी आल्या, तर मला पुन्हा लिहा, माझं मत बदलायला मी तयार आहे. उत्तरच आलं नाही, तर पैसे पाठवल्याची बँकेची नोंद, सर्टिफिकेटचा फोटो आणि आजवरचे सगळे मेसेज जपून ठेवा आणि पंधरा दिवसांनी वकिलामार्फत एक साधी नोटीस द्या. टोकन घेताना त्यांनी ‘परत मिळणार नाही’ असं कुठे लिहून दिलंय का, ते मात्र आजच तपासा.